आठ पेट्यांसाठी मधयंत्र कुठलं घ्यावं: मोहोळ तालुक्यातल्या एका खरेदीची सगळी हकीकत

फ्रेमचा कान पिंजऱ्यात बसेना, तिथून सगळं सुरू झालं. फेब्रुवारीतली सकाळ, दाजींच्या वस्तीवरच्या पत्र्याच्या खोलीत नवं कोरं मधयंत्र, म्हणजे आत जाळीचा फिरता पिंजरा असलेला मध काढायचा ड्रम, मांडलेलं, अक्कानं त्याला हळदकुंकू लावून नारळसुद्धा फोडलेला, आणि दाजी सील (घरांवरचं मेणाचं झाकण) काढलेली मधानं निथळणारी फ्रेम, म्हणजे पोळ्याची लाकडी चौकट, हातात धरून एकदा सरळ, एकदा उलटी, एकदा तिरकी घालून बघतायत. वरच्या पट्टीचं टोक, ज्याला आम्ही कान म्हणतो, ते पिंजऱ्याच्या वरच्या सळईला अडतंय. मध कोपरापर्यंत ओघळलाय. शेवटी मी टेप आणून मोजलं तर पिंजऱ्याची आतली उंची साडेसतरा इंच, आणि मेलिफेरा या युरोपियन माशीच्या लँगस्ट्रॉथ मापाच्या फ्रेमची वरची पट्टी असते १९ इंच. दीड इंचाचा फरक आणि ४,६०० रुपयांचं मशीन.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे, मिस्टर. मी जुळे सोलापुरात राहतो, नोकरी करतो, मधमाश्यांशी माझा जो काय संबंध आला तो दाजींमुळंच. मोहोळ तालुक्यात राहून मोहोळ पाळणारा माणूस, हा जोक आमच्या घरात इतक्या वेळा मारून झालाय की आता कुणी हसत पण नाही. दोन एकर डाळिंब आहे, त्याचा आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाचा फुलोरा, धरतात, आणि पेट्या आणल्या त्या मुळात मधासाठी नाहीच, डाळिंबाची सेटिंग, म्हणजे फळधारणा, सुधारावी म्हणून. मेलिफेराच्या आठ, आणि विहिरीच्या कपारीतून काढून बसवलेल्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी माशीच्या, दोन. पण आजूबाजूला करडई, सूर्यफूल, कुणाचा कांदा बियाणाचा प्लॉट, शेवगा, बांधावरचे कडुलिंब, म्हटल्यावर मध साठायला लागला आणि तो काढायचा कसा हा प्रश्न आला.

पहिल्या वर्षी काय केलं, तर पोळी कापून फडक्यातून पिळली. मध मिळाला, पण गढूळ, परागकणांचा चोथा मिसळलेला, आणि पेटीत परत रिकाम्या फ्रेमा गेल्या. यात तोटा कुठं होतो ते पटकन लक्षात येत नाही. एक किलो मेण तयार करायला माश्या साधारण सहा ते आठ किलो मध खातात असं धरतात, म्हणजे पोळं पिळून आपण पुढच्या खेपेचा मध आधीच खाऊन बसतो. मधयंत्राचा खरा फायदा हाच, मध फिरवून बाहेर पडतो आणि बांधलेलं पोळं जसंच्या तसं परत पेटीत जातं, माश्या दुसऱ्या दिवसापासून भरायला मोकळ्या. बाकी स्वच्छ मध, झटपट काम वगैरे नंतर.

म्हणून मशीन घ्यायचं ठरलं. बजेट ८,००० रुपये, अक्काच्या शब्दात "त्याच्या वर एक रुपया नाही". दाजींनी पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत ट्रेनिंग केलेलं, ही खादी आयोगाची संस्था, १९६२ पासूनची, गणेशखिंड रोडला. तिथं त्यांनी चार फ्रेमचं मशीन हातानं फिरवलेलं, त्यामुळं डोक्यात चारच बसलेलं. चार फ्रेम पाहिजे आणि आठ हजाराच्या आत पाहिजे, तर मग एकच माल मिळतो, जीआय पत्र्याचा. तोच ऑनलाइन मागवला. कुठून ते सांगत नाही, त्यानं काही होणार नाही, आणि तसं बघितलं तर चूक आमची पण होतीच, "सर्व फ्रेमसाठी चालते" एवढं वाचून आम्ही पैसे भरले, पिंजऱ्याचं माप विचारलंच नाही.

कान बसत नाही म्हटल्यावर बाकीचं पण नीट बघायला लागलो, आणि बघितलं ते बरं झालं. ड्रम २० इंच व्यासाचा. तोटी तळापासून बरोबर एक इंच वर बसवलेली. एक इंच म्हणजे काय असं वाटतं, पण २० इंचाच्या ड्रमात एक इंच उंचीला पाच लिटर मावतं, आणि मध पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड, म्हणजे सात किलो मध प्रत्येक वेळी तळात पडून राहणार आणि तो काढायला ड्रम उचलून वाकडा करायचा. तोटीचा जोड डाख देऊन केलेला, डाखात शिसं असू शकतं. गिअर बिडाचे, रंग मारलेले, आणि ते ड्रमच्या बरोबर मधोमध उघड्यावर, खाली झाकण नाही, म्हणजे रंगाचे पोपडे आणि ग्रीस थेट मधात. आणि जीआय पत्रा म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर, मध चवीला गोड असला तरी आम्लच, पीएच ४ च्या आसपास, तो जस्त सोडवतो. काढला आणि लगेच ओतला तर फार काही होत नाही म्हणणारे पण आहेत, पण एकदा थर खरवडला की गंज चालू. घरच्या पोरांना जो मध चाटवायचा तो यातून काढायचा का, असं अक्कानं विचारलं, मग विषय संपला.

परत पाठवलं. जाण्यायेण्याचं भाडं आमच्या बोकांडी, ९०० रुपये पाण्यात.

आता इथून पुढं आम्ही जरा शहाण्यासारखं वागलो. एका रविवारी दाजी सोलापूरला आले, आणि आम्ही वहीत हिशोब मांडत बसलो. पहिला प्रश्न मी विचारला, तुम्हाला एका खेपेला किती फ्रेम काढायच्यात? आठ पेट्या, पेटीमागं फार तर चार भरलेल्या, म्हणजे ३२. दोन फ्रेमच्या मशीनवर १६ घाणे. एका घाण्याला उलटसुलट धरून सहा मिनिटं, म्हणजे ९६ मिनिटं. चार फ्रेमच्या मशीनवर आठ घाणे, भरायला वेळ जास्त लागतो म्हणून साडेसात मिनिटं धरा, एक तास. वाचले ३६ मिनिटं. वर्षात आपल्याकडं अशा खेपा किती, चांगलं वर्ष असलं तर तीन. म्हणजे वर्षाला पावणेदोन-दोन तास वाचवायला किती पैसे जास्त, तर स्टीलमध्ये बघितलं तर साधारण सहा हजार. दाजी म्हणाले, "दोन तासाला सहा हजार मजुरी माझी असती तर मी डाळिंब कशाला लावलं असतं ओ."

चार फ्रेमचा हट्ट तिथं सुटला. तोपर्यंत आम्ही दोघं पण मशीन किती मोठं एवढंच बघत होतो. वर्षातले ३६२ दिवस ते कोपऱ्यात पोतं पांघरून बसणार आहे हे हिशोबात धरलंच नव्हतं.

मग फोन लावले. त्या आठवड्यात आम्हाला सांगितलेले भाव असे: जीआय चार फ्रेम ४,००० ते ५,०००, स्टीलचं दोन फ्रेम ८,००० ते ९,०००, स्टीलचं चार फ्रेम १४,००० च्या आसपास, मोटरवालं २५,००० च्या पुढं. मोटरचा विचार दोन मिनिटांत सोडला. शेतीची लाइट कधी येणार त्यावर मध काढायची वेळ ठरवायची का, हे एक कारण, आणि दुसरं त्याहून मोठं, सोलापूरचं ऊन. त्यावर पुढं लिहितो.

दाजींच्या पुतण्यानं मधेच एक व्हिडिओ दाखवला, निळा प्लास्टिकचा ड्रम, सायकलचं चाक, दोन हजारात मशीन. पोरगं हुशार आहे, करेल पण. पण आपल्याकडं हे निळे ड्रम बाजारात स्वस्तात येतात ते कुठून, तर टॉवेल-चादरीच्या रंगाच्या कारखान्यातून, आत काय केमिकल होतं देव जाणे. ते धुऊन पाणी साठवायला वापरतात लोक, ते पण वापरू नये, मधाला तर नाहीच. खाण्याच्या तेलाचा वगैरे ड्रम मिळाला तर गोष्ट वेगळी.

फिरत्या मधपाळाकडून भाड्यानं किंवा उसनं मशीन आणायचं हा रस्ता पण बघितला. आमच्या भागात सूर्यफुलाला, कांद्याला बाहेरचे लोक पेट्या घेऊन येतात. अडचण एकच, आपली काढणी ज्या आठवड्यात, त्यांची पण त्याच आठवड्यात. शिवाय एकाच्या पेटीतला रोग मशीनच्या चिकट पिंजऱ्यातून दुसऱ्याकडं जाऊ शकतो. दोन-तीन पेट्यावाल्यानं मात्र हेच करावं, उसनं आणून गरम पाण्यानं धुऊन वापरावं, विकत घेण्यात अर्थ नाही. खादी ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत निम्मं अनुदान आणि निम्मी आपली गुंतवणूक असं मिळतं, पण ती पेट्यांसकट सगळ्या साहित्याची योजना, आमच्या पेट्या आधीच घेतलेल्या आणि काढणी महिन्यावर आलेली, म्हणून तो विषय तेव्हा बाजूला ठेवला.

राहिला इथंच बनवून घ्यायचा पर्याय. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, ७० फूट रोडच्या मागच्या बाजूला, पॉवरलूमची कामं करणारे लेथवाले अजून आहेत. मी ज्यांच्याकडं जातो त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. मागाचे दाते, गिअर, बुश, शाफ्ट, आयुष्यभर तेच केलेलं, आता माग कमी झाले म्हणून रसवंतीची मशीन, शेवयाची मशीन, येईल ते. फिरती वस्तू म्हटल्यावर अण्णांना काही समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी ३०४ ग्रेडच्या स्टीलमध्ये सगळं नवीन करायचे ११,५०० सांगितले, आणि प्रामाणिकपणे हे पण सांगितलं, "मालक, एकच पीस करायचा म्हणून एवढं. तुम्ही तयार घ्या, त्यात काय खोट निघंल ती मी काढून देतो." धंदा सोडून असा सल्ला देणारा माणूस मिळाला की त्याचं ऐकावं.

अण्णांनीच स्टीलबद्दल शिकवलं. आपल्याकडं सगळे चुंबक लावून बघतात, चिकटलं नाही की म्हणतात ओरिजिनल स्टील. तर २०२ ग्रेडचं स्वस्त स्टील पण चुंबकाला धरत नाही आणि ३०४ पण धरत नाही, म्हणजे ती परीक्षा लोखंड ओळखायची झाली, ग्रेड ओळखायची नाही. भंगारवाल्यांकडं एक टेस्टिंगचं द्रावण असतं, थेंब टाकून छोटी बॅटरी लावतात, २०२ असलं तर लाल रंग येतो. अण्णांनी एक छोटी बाटली बरोबर दिली. मधासाठी ३०४ च घ्या, २०२ वर पण काही वर्षांनी जोडापाशी तांबूस डाग येतात.

आणि मग तो पुण्याचा दिवस. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघालो, दाजींच्या पिशवीत दोन रिकाम्या फ्रेम, एक मेलिफेराची आणि एक सातेरीची, दोन्हीवर जुनं पोळं तसंच. कुर्डुवाडी येईपर्यंत डब्यात मेणाचा वास पसरला. समोरच्या आजींनी विचारलं, देवघराचं काय आहे का. दाजींनी फ्रेम काढून दाखवली आणि दौंडपर्यंत त्यांना राणी माशी, कामकरी, नर सगळं सांगितलं, आजी शेवटी म्हणाल्या की आमच्या माळ्यावर आग्या मोहोळ आहे ते काढून द्याल का. असो.

पुण्यात दोन ठिकाणी बघितलं. पहिल्या दुकानात दाजींनी काही न बोलता पिशवीतली फ्रेम काढली आणि पिंजऱ्यात घातली. बसली, पण इतकी घट्ट की मधाची फ्रेम फुगीर असते ती बसली नसती. दुकानदार म्हणाला थोडं दाबायचं. दाबायचं म्हणजे मेणावरच दाबायचं ना. निघालो.

दुसऱ्या ठिकाणचं मशीन घेतलं. दोन फ्रेमचं, ड्रम १६ इंची. फ्रेम त्यात आडवी नाही, एका टोकावर उभी राहते, म्हणून एवढ्या लहान ड्रमात मावते, कान वर आणि खाली दोन्हीकडं अर्धा-अर्धा इंच मोकळे. पत्रा बोटानं दाबून बघितला, डबक डबक वाजत नव्हता. जोड आर्गन वेल्डिंगचा, आतून बोट फिरवलं तर कुठं खरखर नाही, जिथं खरखर तिथं मध अडकतो आणि तिथंच नंतर आंबतो. तळ मध्यभागी जरा फुगवलेला, म्हणून मध कडेला येतो आणि तोटी अगदी तळाला टेकून. तोटी दीड इंची, चाकूसारखी खाली पडणारी, कारण पाण्याच्या नळासारख्या तोटीतून मध येईपर्यंत झोप लागते. हँडल एकदा फिरवलं की पिंजरा तीनदा फिरतो. हे गिअरचं प्रमाण जरूर मोजा, पिंजऱ्याला खडूची खूण करायची आणि हँडलचा एक फेरा मारायचा. काही स्वस्त मशीनला हँडल थेट शाफ्टवर असतं, एकाला एक, त्यात माणूस दमतो आणि मध निघत नाही, कारण वेग दुप्पट झाला की बाहेर फेकायचा जोर चौपट होतो, आणि निम्मा झाला की चौथाईच राहतो.

अण्णांचा थेंब टाकला, लाल झाला नाही. मालक जरा चिडला पण हसला. ८,४०० रुपये. दाजींनी तीनशे कमी करायला अर्धा तास घातला, झाले नाहीत, एक सुरी फुकट मिळाली. संध्याकाळच्या हुतात्मानं परत, मशीन गोणपाटात बांधून दाराजवळ, भाडं आणि हमाली धरून दिवसाचा खर्च ६००.

अण्णांकडं तीन कामं केली. पाय चार इंच वाढवले, कारण तोटीखाली आपली बादली बसत नव्हती, ही गोष्ट दुकानात आमच्या लक्षातच आली नाही. गिअरच्या खाली स्टीलची ताटली लावली, ग्रीस टिपायला. आणि सातेरीच्या फ्रेमसाठी जाळीचे दोन छोटे कप्पे करून घेतले, जे मोठ्या पिंजऱ्यात अडकवता येतात, नाहीतर सातेरीची फ्रेम लहान, ती आत पडून आपटते. ९५० रुपये. ज्याच्याकडं फक्त सातेरी आहे त्यानं मेलिफेराच्या मापाचं मशीन घेऊच नये, लहान पिंजऱ्याचं मिळतं, स्वस्त पण पडतं.

पहिली खरी काढणी मार्चच्या शेवटी. आणि इथं सोलापूरचं ऊन आलं. पुस्तकात, व्हिडिओत सगळीकडं सांगतात की मध घट्ट असतो, गरम खोलीत काढा, जोरात फिरवा. ते थंड मुलखाचं. आपल्याकडं मार्च-एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकतो तेव्हा मध आधीच पातळ असतो, तो बाहेर यायला जोर लागतच नाही, पण त्याच उष्णतेनं मेण लोण्यासारखं मऊ होतं. मेण वितळतं ६२-६४ अंशांना, पण त्याच्या खूप आधी ते लवचिक होतं, आणि मधानं भरलेलं नवं पोळं अशा वेळी जोरात फिरवलं की जाळीतून चुरमा होऊन बाहेर येतं. मोटर घेतली नाही त्याचं हे दुसरं कारण. हातानं फिरवताना पोळं कधी कुरकुरायला लागलं ते हँडलमधून कळतं, मोटरला काय कळणार. म्हणून आम्ही फ्रेम आदल्या संध्याकाळी काढून खोलीत बंद करून ठेवल्या आणि पहाटे साडेपाचला फिरवायला बसलो.

३२ धरल्या होत्या, पण दाजींनी २७ च घेतल्या. बाकीच्या पाचमध्ये निम्म्याहून जास्त घरं उघडी होती, अजून पाणी उडालेलं नव्हतं. तीन चतुर्थांश सील झाल्याशिवाय काढू नये, मधात २० टक्क्यांच्या वर पाणी चालत नाही आणि तो आंबतो पण. इथं मी म्हणत होतो की घ्या, काय होतंय, दाजींनी ऐकलं नाही, बरोबर केलं.

फिरवायची पद्धत जरा नीट सांगतो, कारण मशीन वाईट आहे म्हणून जे लोक बोंबलतात त्यातल्या बऱ्याच जणांची पद्धत चुकलेली असते. आपलं मशीन असं की फ्रेमची एकच बाजू बाहेरच्या भिंतीकडं असते, तेवढ्याच बाजूचा मध निघतो. पहिली बाजू पूर्ण रिकामी करायची नाही. हळू फिरवून निम्मी काढायची, फ्रेम उलटी करायची, दुसरी बाजू पूर्ण काढायची, परत उलटी करून पहिलीचा उरलेला काढायचा. पहिलीच बाजू एका दमात रिकामी केली तर आतल्या बाजूला भरलेला सगळा मध त्या पोकळ झालेल्या पोळ्यावर दाब देतो आणि पोळं मधोमध फुटतं. आमच्या दोन फुटल्या, दोन्ही या वर्षी बांधलेल्या नव्या पांढऱ्या पोळ्याच्या, दोन्ही मी फिरवलेल्या. दुसरं, पोळ्यातली घरं जराशी वरच्या पट्टीकडं कललेली असतात, म्हणून फ्रेम उभी घालताना खालची पट्टी फिरण्याच्या दिशेला पुढं आणि वरची पट्टी मागं ठेवायची, मध सोपा सुटतो. तिसरं, जोडीला सारख्या वजनाच्या फ्रेम. एक भरलेली आणि एक अर्धवट घातली की ड्रम खोलीभर नाचतो. शेवटची सत्ताविसावी एकटी उरली, तिच्यासमोर फुटलेल्यातली एक मधासकट लावली, तरी मशीन थोडं नाचलंच, पुतण्या ड्रमला मिठी मारून बसला होता.

मोठी जी मशीन असतात, ज्यात फ्रेम चाकाच्या आऱ्यासारख्या बसतात आणि दोन्ही बाजूंचा मध एकदम निघतो, त्यात हा उलटसुलट प्रकार नसतो. पण त्याला ड्रम मोठा लागतो, वेळ जास्त फिरवावं लागतं, आणि किंमत तशी. ४०-५० पेट्या झाल्या की बघावं. तत्त्व सगळ्यात तेच, १८६५ साली ह्रुश्का नावाच्या ऑस्ट्रियन लष्करातल्या माणसानं दाखवलेलं, फिरवलं की मध बाहेर. त्यामुळं "नवीन टेक्नॉलॉजी" म्हणून कुणी पैसे जास्त मागितले तर नक्की काय नवीन ते विचारा.

मी मोबाइलवर वेळ लावली होती. फिरवायला सगळं मिळून ८५ मिनिटं. पण २७ फ्रेमची सील काढायला त्याच्याहून जास्त, पावणेदोन तास, कारण फुकट मिळालेली सुरी बोथट निघाली, अक्कानं शेवटी भाकरी परतायचं उलथनं तापवून काम चालवलं. आणि गाळायला? गाळायला संध्याकाळ झाली. घरची चहाची गाळणी मेणाच्या कणांनी पाच मिनिटांत बंद पडायची, धुवा, पुसा, परत लावा. एवढे दिवस आम्ही दोन फ्रेम की चार फ्रेम यावर डोकं घातलं, आणि खरा खोळंबा दोन्ही टोकांना, सुरीत आणि गाळणीत. नंतर दुहेरी जाळीची मोठी स्टीलची गाळणी आणि लांब पात्याची सुरी आणली, १,२४० रुपये. चार फ्रेमच्या मशीनवर सहा हजार जास्त घातले असते तर हे आणायला अक्कानं पैसे दिले नसते हे नक्की.

खोलीचं दार एकदाच पाच मिनिटं उघडं राहिलं आणि बाहेरच्या माश्या वास घेत आत आल्या, मग मच्छरदाणी लावून, पंखा बंद, घामाच्या धारा. सात वाजता सुरुवातीचा गारवा गेला, साडेआठला शेवटची फ्रेम. मध भरला ३८ किलो.

मशीन धुताना एक चूक झाली, अक्कानं चांगलं म्हणून उकळतं पाणी ओतलं, त्यानं मेणाचे कण वितळून जाळीवर चकचकीत थर बसला, तो काढायला दोन दिवस. आधी गार पाणी, मेण धुऊन गेल्यावर मग गरम. आणि चाटायला म्हणून माश्यांसमोर उघड्यावर ठेवायचं नाही, लूटमार चालू होते, म्हणजे एका पेटीच्या माश्या दुसरीतला मध पळवतात, कमजोर पेटी बरबाद.

सगळा खर्च धरला तर परत पाठवलेल्याचे ९००, मशीन ८,४००, पुण्याचे ६००, अण्णांचे ९५०, सुरी-गाळणी १,२४०, एकूण १२,०९०. आठ हजाराचे बारा झाले. अक्का हे अजून ऐकवते, आणि वर हे पण ऐकवते की पिशवीतली फ्रेम आधीच कुणी नेली असती तर नऊशे वाचले असते. बरोबर आहे तिचं. आता शेजारच्या वस्तीवरचे दोघं, पाच-पाच पेट्यावाले, दाजींकडंच फ्रेम घेऊन येतात, भाडं नाही, खेपेला एक किलो मध ठेवून जातात, मशीन मात्र आधी आणि नंतर त्यांनीच धुवायचं असं ठरलंय.

गिअरला अजून एक बारीक आवाज आहे, हँडल उलटं फिरवलं की कट् होतं. दाजींनी ट्रॅक्टरचं ग्रीस लावायचा विचार बोलून दाखवला, त्यावर अक्कानं डबाच उचलून गोठ्यात ठेवला. अण्णांना फोन केला तर म्हणाले चावी (गिअर शाफ्टला धरून ठेवणारी खीळ) झिजली असंल, शाफ्ट घेऊन या, मृगाच्या आधी करून देतो. पुढच्या सोमवारी घेऊन जायचंय.